गावची जुनी शाळा पाडण्याआधी: इमारत कुणाची, कपाटातलं रजिस्टर कुठं जातं?

साताऱ्याचा जुना राजवाडा आणि प्रतापसिंह हायस्कूल ही दोन नावं जिल्ह्यात एकाच दमात घेतली जातात. शाळा जिल्हा परिषदेची. तिच्या जुन्या रजिस्टरात 1914 नंबरला एक नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. दाखल तारीख 7 नोव्हेंबर 1900, इयत्ता इंग्रजी पहिली. बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा तो दिवस 2017 पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. कुणीतरी मास्तरांनी दौतीत टाक बुडवून लिहिलेली ती एक ओळ शंभर-सव्वाशे वर्षं कपाटात टिकली, म्हणून तारीख कळली. वाळवी लागली असती किंवा रद्दीत गेलं असतं तर काहीच हातात नसतं.

तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या मराठी शाळेत असंच रजिस्टर असतं. त्यातली नावं मात्र आपल्या आजोबा-पणजोबांची असतात. शाळेची जुनी इमारत पाडायचा विषय निघाला की गावात चर्चा होते ती सागवानी वाशांची, दगडांची, कौलांची आणि नव्या खोल्यांच्या ठेक्याची. कपाट कुठं हलवायचं हे शेवटच्या दिवशी आठवतं. खरं तर तेच आधी ठरायला पाहिजे.

शाळा आली कुठून

इमारत बांधली त्याच्या आधीपासून शाळा भरत होती, असं बहुतेक जुन्या गावांत सापडेल. देवळाचा सभामंडप, चावडी, धर्मशाळा नाहीतर एखाद्या वाड्याची ओसरी. पंतोजी धूळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचे आणि त्यांना धान्याच्या रूपात मोबदला मिळायचा. या गावठी शाळांना सरकारी धरून चालत नाही. त्यांचं रजिस्टर बहुधा नसतंच.

मुंबई इलाख्यात सरकारचं शिक्षण खातं 1855 मध्ये सुरू झालं. खेड्यात शाळा वाढल्या त्या लोकल फंडामुळे. 1860 च्या दशकात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवली गेली आणि 1869 च्या कायद्याने तिला पक्का आधार मिळाला. या पट्टीतला एक तृतीयांश भाग शाळांसाठी आणि बाकीचा मुख्यतः रस्त्यांसाठी असायचा. म्हणजे शाळेचा पाया शेतकऱ्याच्या आण्यावर घातला गेलाय. जुन्या माणसांच्या तोंडी ‘लोकल बोर्डाची शाळा’ हा शब्द अजून आहे तो यामुळेच. तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डं 1884 च्या कायद्याने आली. 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्कूल बोर्डाकडे गेला. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि शाळा त्यांच्या ताब्यात आल्या.

संस्थानांचा हिशोब वेगळा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी तसा कायदा 1917 मध्ये केला. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडे होता, म्हणून तिकडच्या जुन्या कागदांत उर्दू सापडतं. विदर्भात मध्ये काही वर्षं जनपद सभांचा कारभार होता.

हा इतिहास माहीत असण्याचा एक रोकडा उपयोग आहे. जुनी नोंद शोधायला गेलेला माणूस ‘जिल्हा परिषद’ हाच शब्द धरून बसला तर 1962 च्या मागचा कागद त्याला ओळखूही येणार नाही. वर लोकल बोर्ड, स्कूल बोर्ड, जनपद किंवा संस्थानाचं नाव असेल. आतलं अक्षर मोडी असू शकतं, कारण प्राथमिक शाळेत मोडी शिकवणं स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी बंद झालं.

इमारत ओळखायची कशी

जुन्या शाळेचा नमुना तालुक्यात फिरलं तर साधारण सारखाच दिसतो. जमिनीपासून दोन-तीन फूट उचललेलं दगडी जोतं, त्यावर एक लांबट दालन, पुढे लाकडी खांबांचा व्हरांडा. भिंती जाड, खिडक्यांना उभे गज. वर सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. दालनात चार वर्ग चार दिशांना तोंड करून बसायचे आणि एकच मास्तर सगळ्यांवर नजर ठेवायचे. कोपऱ्यात लाकडी कपाट. व्हरांड्याच्या तुळईला रेल्वे रुळाचा तुकडा टांगलेला, तीच घंटा.

कौलांबद्दल एक गंमत अशी की काही कौलांच्या पाठीवर 1865 किंवा 1868 हा आकडा उठवलेला असतो. तो वाचून ‘आमची शाळा 1865 ची’ असं गावात ठाम सांगितलं जातं, कधीकधी फलकावरही रंगवलं जातं. तो आकडा शाळेचा नाही. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला, त्यानंतर तिथं इतरांचेही कारखाने निघाले आणि स्थापनेचं साल ते आपल्या कौलांवर छापत राहिले. कौल त्यानंतर पन्नास वर्षांनी बनलेलं असलं तरी त्यावर साल तेच. शाळेचं वय बघायचं तर पहिल्या रजिस्टरातली पहिली नोंद बघावी आणि इमारतीचं वय बघायचं तर दारावरची किंवा जोत्यातली कोनशिला. या दोन्ही तारखा वेगळ्या असू शकतात आणि दोन्ही खऱ्या असतात.

भिंत कशात बांधलीय हे त्याहून महत्त्वाचं. दगड-चुन्याची भिंत आणि दगड-मातीची भिंत बाहेरून गिलावा केल्यावर सारखीच दिसते. चुना वर्षानुवर्षं धरून राहतो. मातीचा दर्जा पाणी लागलं की सुटतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात जी घरं क्षणात बसली त्यात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं अशी घरं फार होती. त्यामुळे ‘जुनं ते मजबूत’ हे सरसकट म्हणण्यात अर्थ नाही आणि ‘जुनं ते धोकादायक’ यातही नाही. सांध्यातला थोडा माल खिळ्याने खरवडून बघितला तर चुना की माती हे गवंड्याला लगेच कळतं.

धोका खरा आहे

28 ऑगस्ट 2017 ला आत्ताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निंबोडी गावात जिल्हा परिषद शाळेची खोली पावसात कोसळली आणि 3 मुलांचा जीव गेला. 25 जुलै 2025 ला राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचं छत पडलं, त्यात 7 मुलं गेली. दोन्ही वेळा पावसाळा होता आणि शाळा भरलेली होती.

म्हणून इमारतीवर कितीही जीव असला तरी काही खुणा दिसल्या की त्या खोलीत मुलं बसवायची नाहीत, एवढं गावानं एकमताने ठरवून टाकावं. छताची रांग मधेच खाली झुकलेली दिसणं, कैचीचं टोक जिथं भिंतीत शिरतं तिथं लाकडाचा भुसा पडणं, भिंत बाहेरच्या बाजूला फुगणं, दरवाजा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघून ती पावसाळ्यागणिक रुंद होणं, भिंतीत पिंपळाचं रोप धरणं. पिंपळाचं रोप वरून उपटून भागत नाही, मूळ आत राहतं आणि पुढच्या वर्षी दगड सारतं. स्लॅबच्या खोल्यांतही खालून माल गळून गंजलेली सळई उघडी दिसली तर तो तितकाच धोका आहे. 1980-90 नंतर बांधलेल्या खोल्या शेजारच्या कौलारू दालनाआधी मोडकळीला आल्याची उदाहरणं तालुक्यात कुणालाही दाखवता येतील.

मुलं कुठं बसवायची हा प्रश्न लगेच येतो. समाजमंदिर, ग्रामपंचायतीचा हॉल, देवळाचा मंडप. गैरसोय होते, पण ती सोसता येते. मुख्याध्यापकांनी खोली बंद केल्याची नोंद लेखी करून केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांना कळवावी. शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तातही ती आली पाहिजे. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

पाडायचं कोण ठरवतं

सरपंचांना वाटलं म्हणून किंवा ठेकेदार जेसीबी घेऊन आला म्हणून शाळा पाडता येत नाही. सरकारी भाषेत याला निर्लेखन म्हणतात, म्हणजे इमारत वापरातून आणि नोंदीतून रीतसर कमी करणं. शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव होतो, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीत जातो, बांधकाम विभागाचा अभियंता जागेवर येऊन पाहणी करतो आणि अहवाल देतो. पुढे फाईल जिल्हा परिषदेत जाते आणि मंजुरी आल्यावर निघणाऱ्या मालाची किंमत ठरवून लिलाव होतो. या रस्त्यात फाईल किती दिवस कुठल्या टेबलावर बसेल हे कुणी सांगू शकत नाही, तो अनुभव प्रत्येक गावाला आहे.

यात दोन जागी गावानं जागं राहावं.

पहिली जागा म्हणजे अभियंत्याची पाहणी. प्रस्तावात ‘संपूर्ण इमारत’ लिहिलं की संपूर्ण इमारत जाते. पाच खोल्यांतल्या दोनच खराब असतील, किंवा भिंती धड असून फक्त छत गेलं असेल, तर तसं वेगळं लिहून घ्यायची हीच वेळ असते. समितीचे पालक त्या दिवशी हजर असावेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. सही करायला बोलावलेली समिती आणि बघायला आलेली समिती यात फरक पडतो.

दुसरी जागा म्हणजे लिलाव. जुनं सागवान आज मिळत नाही, घडीव दगडही महाग आहे. मूल्यांकनात तुळया, कैच्या, कौलं, दगड यांची मोजदाद वेगवेगळी आहे का हे बघायला हरकत नाही. आणि कोनशिला, घंटा, जुनं कपाट या वस्तू लिलावातून वगळाव्यात असं ठरावातच लिहून टाकावं. नंतर मागून मिळत नाहीत.

पाडलेल्या जागी नवी खोली लगेच मंजूर होईलच असं धरून चालू नये. निर्लेखन ही एक फाईल आणि नवं बांधकाम ही दुसरी.

आणखी एक गैरसमज. इमारत 100 वर्षांची झाली की ती आपोआप ‘हेरिटेज’ होते आणि हात लावता येत नाही, असं काही गावांत बोललं जातं. तसं नाही. राज्याच्या 1960 च्या पुरातन वास्तू कायद्याखाली ती संरक्षित म्हणून सरकारने जाहीर करावी लागते. तालुक्यातल्या बहुतेक शाळा अशा यादीत नाहीत आणि येण्याची शक्यताही कमी. त्यांना वाचवलं तर गावच वाचवू शकतं.

दुरुस्ती होत असेल तर

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेची इमारत ‘सर्व ऋतूंत टिकणारी’ असावी, दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली असावी, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान आणि कुंपण असावं असं म्हटलंय. स्लॅबच पाहिजे असं कुठंही म्हटलेलं नाही. कौलारू छत गळत नसेल आणि भिंत धड असेल तर ते नियमात बसतं.

छोटी दुरुस्ती समग्र शिक्षा योजनेच्या वार्षिक शाळा अनुदानातून होते. 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार रुपये, 31 ते 100 पटाला 25 हजार असं त्याचं मोजमाप आहे. त्यातच खडू, विजेचं बिल, स्वच्छता हेही भागवायचं. म्हणजे कैची बदलायला हा पैसा पुरत नाही. मोठ्या कामाला जिल्हा वार्षिक योजना, जिल्हा परिषदेचा सेस, ग्रामपंचायतीला येणारा वित्त आयोगाचा निधी किंवा एखाद्या कंपनीचा सामाजिक निधी धरावा लागतो. आणि लोकवर्गणी तर आहेच. मुंबई-पुण्याला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बहुतेक गावांत असतोच, त्यांना छताचा फोटो आणि अंदाजपत्रक दोन्ही पाठवावं. नुसत्या भावनेवर पैसे जमत नाहीत.

काम कसं करायचं यात चूक फार होते. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा जाड गिलावा मारला की भिंतीतली ओल आत कोंडते, मग गिलावा फुगून पडतो आणि जाताना जुना दर्जाही घेऊन जातो. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच माल पाहिजे. तसं काम जाणणारे गवंडी कमी राहिलेत, पण देवळांच्या जीर्णोद्धाराचं काम करणाऱ्यांकडे चौकशी केली तर सापडतात. कौलं दर वर्षी पावसाच्या तोंडावर शाकारली तर छत अनेक वर्षं जातं. गळती बहुतेक वेळा चार-सहा फुटक्या कौलांची असते आणि त्याला माकडं कारण असतात. त्याऐवजी सगळी कौलं उतरवून पत्रा घालायची पद्धत पडली आहे. पत्रा स्वस्त आणि माकडांना पुरून उरतो हे खरं. पण एप्रिलमध्ये त्याखाली पोरं भाजतात आणि जोराचा पाऊस आला की मास्तरांचा आवाज तिसऱ्या ओळीपर्यंतही पोचत नाही. ज्यांनी पत्र्याखाली शाळा शिकली त्यांना हे सांगायला नको.

कपाटातलं रजिस्टर

शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद जनरल रजिस्टरात होते. काही ठिकाणी त्याला दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असे रकाने असतात. हे रजिस्टर कायम जपायचं असतं, ठरावीक वर्षांनी नष्ट करायच्या कागदांत ते येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला यावरूनच निघतो आणि ‘प्रवेश निर्गम उतारा’ म्हणतात तोही यातलाच.

याची किंमत कळते ती जात पडताळणीच्या वेळी. जात प्रमाणपत्रासाठी ठरावीक तारखेआधीचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्ग व विशेष मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. त्या काळात खेड्यातल्या माणसाच्या नावावर बहुधा जमीन नसायची, असली तरी सातबाऱ्यावर जात लिहिलेली नसते. मग राहतं काय? आजोबांची शाळेतली नोंद. सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या माधुरी पाटील प्रकरणातल्या निकालानंतर पडताळणी समित्या आणि त्यांची दक्षता पथकं उभी राहिली. हे पथक शाळेत येऊन मूळ रजिस्टर बघतं. झेरॉक्स कितीही स्वच्छ असली तरी मूळ पान समोर नसेल तर अडचण होते.

सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसूल आणि भूमी अभिलेखाच्या कागदांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरंही उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. ज्या शाळांनी दप्तर जपलं होतं तिथल्या घरांना कागद मिळाला. ज्यांच्या शाळेचं दप्तर कुठल्यातरी पावसात भिजून गेलं होतं त्यांना दुसरीकडे शोधत फिरावं लागलं. नोंद जातीची असो की जन्माची, ती आपल्या बाजूची निघेल की नाही हे नंतर. आधी ती असली पाहिजे.

नोंद शोधणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

आजोबा याच गावच्या शाळेत गेले असतील असं नाही. वाडी-वस्तीवर तेव्हा शाळा नव्हती, पोरं शेजारच्या मोठ्या गावाला चालत जायची. चौथीनंतर तर बहुतेकांना गाव बदलावंच लागायचं. सातवीला व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा असायची आणि ती शाळा चार-पाच गावांत मिळून एखादी. त्यामुळे आपल्या शाळेत नाव सापडलं नाही तर बाजारच्या गावची शाळा बघावी.

आडनाव धरून शोधू नये. जुन्या नोंदीत आडनाव गाळलेलं असतं किंवा वेगळंच असतं. ‘अमुक बिन तमुक’ अशी बापाच्या नावाने नोंद असते, विदर्भ-मराठवाड्याकडे ‘वल्द’ लिहिलेलं सापडतं. घरात हाक मारायचं नावच शाळेत लागलेलं असतं. बाबासाहेबांचंही ‘भिवा’च आहे.

जन्मतारखेवर फार विसंबू नये. निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला येतो, त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. जूनमध्ये शाळा उघडायची, आई-बापाला तारीख सांगता यायची नाही, मास्तर पोराकडे बघून वय धरायचे आणि 1 जून टाकायचे. पण एकदा रजिस्टरात चढलेली तारीख किंवा जात मुख्याध्यापकांना आपल्या मर्जीने खोडता येत नाही. त्यासाठी शिक्षण विभागाची परवानगी लागते. खाडाखोड असलेली नोंद पडताळणीत उलट अंगावर येते, तेव्हा ‘थोडं दुरुस्त करून द्या गुरुजी’ असा आग्रह कुणी धरू नये.

उतारा मागायचा तर मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज, त्यात नातं, अंदाजे साल आणि गाव लिहावं. शाळा बंद झाली असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारावं, दप्तर कुठल्या शाळेला जोडलं ते तिथं कळतं.

पट कमी झाला की

हा शेवटचा मुद्दा आता जास्त गावांना लागू आहे. राज्यात 20 पेक्षा कमी पट असलेल्या शाळा 14 हजारांवर आहेत. 2023 मध्ये अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विषय शिक्षण आयुक्तालयाने काढला, त्यासाठी पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ यांचा नमुना सांगितला गेला. त्याला बराच विरोध झाला. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत शाळा असली पाहिजे. ओढा, घाट किंवा जंगल मधे असेल तर नकाशावरचं अंतर आणि सहा वर्षांच्या पोराच्या पायाखालचं अंतर एक नसतं, हे ठरावात स्पष्ट लिहावं लागतं.

शाळा बंद झाली की इमारतीला कुणी वाली राहत नाही. पहिल्या वर्षी पत्रावळ्या आणि मंडपाचं सामान ठेवतात, दुसऱ्या वर्षी खिडक्या जातात, पुढच्या पावसात छत. आणि मग जागेचा वाद निघतो. पुष्कळ शाळांची जागा गावातल्या कुणीतरी दोन पिढ्यांमागे तोंडी शब्दावर दिलेली असते. दिलेला शब्द त्यांनी पाळला, पण कागद झाला नाही. अचल मालमत्तेचं बक्षीसपत्र नोंदणीशिवाय कायद्यात धरलं जात नाही. नातवाच्या नावावर सातबारा असतो आणि शाळा चालू असेपर्यंत कुणी विषय काढत नाही. शाळा चालू आहे तोवरच सातबारा, गावठाणात असेल तर मालमत्ता पत्रक आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 काढून कुणाचं नाव लागलंय ते बघून घ्यावं. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन नवी मालमत्ता पत्रकं तयार होत आहेत. त्यात शाळेच्या जागेपुढे जिल्हा परिषद लिहिलंय, ग्रामपंचायत लिहिलंय की आणखी कुणाचं नाव आलंय, हे तपासायला एका दुपारचं काम आहे. चूक असेल तर हरकत तेव्हाच घ्यावी.

आणि इमारत पाडायची असो, दुरुस्त करायची असो की बंद करून कुलूप लावायचं असो, त्याआधी कपाट उघडून मुख्याध्यापक, समितीचे दोन पालक आणि ग्रामसेवक यांच्या समोर यादी करावी. किती रजिस्टरं, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कितवं पान फाटलंय, कुठलं मोडीत आहे. पान न पान मोबाईलवर नव्हे तर शक्यतो स्कॅनरवर घ्यावं. दुसऱ्यांच्या घराच्या नोंदी त्यात आहेत, तेव्हा ते फोटो गावच्या ग्रुपवर टाकायचे नसतात. मूळ रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नये, आत घाम धरून बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवावं. दप्तर दुसऱ्या शाळेत गेलं तर पोचपावती घ्यावी आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीत लावून ठेवावी. पुढच्या वेळी कुणाचा नातू दाखला मागायला येईल तेव्हा इमारत नसेल, मुख्याध्यापकांची बदली झालेली असेल. त्या पोचपावतीवरून त्याला कुठल्या गावाला जायचं ते कळेल.